डावा बूट : बाईसाहेब

१२ जून

आदरणीय गायक महोदय,

आपलं नाव ठाऊक नसल्यामुळे मायना असा सरकारी झाला आहे, राग मानू नये. ‘उशिरा आलेले’ या आपल्या जुन्या बँडचे ड्रमवाले हल्ली मोटार चालवायला शिकवतात आणि सगळे त्यांना मास्तर म्हणतात, एवढं शोधून काढायलाच माझी दमछाक झाली. मास्तर भेटले तर म्हणाले, “पत्ता देणार नाही. पत्र द्या, पोचवतो.” मी विचारलं, “ते अजून गातात का हो?” त्यावर मास्तर इतके हसले की शेजारी बसलेल्या शिकाऊ बाईंनी घाबरून गाडी बंद पाडली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मी रेकॉर्ड जमवतो. गाजलेल्या गाण्यांच्या वाटेला मी जात नाही, त्यांना सांभाळणारे पुष्कळ आहेत. मला हव्या असतात त्या कुणीही न विचारलेल्या तबकड्या. चार मित्रांनी पदरमोड करून काढलेल्या, कव्हरवर हाताने छाप मारलेल्या, रेडिओने एकदाही न वाजवलेल्या. माझी बायको या खोलीला अनाथाश्रम म्हणते.

आपली तबकडी मला जुन्या फर्निचरच्या दुकानात एका कपाटाच्या खणात सापडली. दुकानदार म्हणाला, कपाटासकट घ्या, नाहीतर राहू द्या. मी कपाट घेतलं. ते कुठल्याच खोलीत मावेना, म्हणून आमच्या जिन्याच्या तोंडाशी उभं आहे आणि येणारा-जाणारा त्याच्यावर गुडघा आपटून माझा उद्धार करतो. तबकडीची एक बाजू खणातल्या खिळ्याने खरवडून काढली आहे, तिथे सुई टिकतच नाही. दुसऱ्या बाजूवर एकच गाणं आहे, ‘दारात’. एक गिटार, आपला आवाज आणि काहीतरी ठोकल्याचा जड, सावकाश ठोका. बाकी काही नाही.

महोदय, आपला आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. इतका खोल आणि इतका धीमा पुरुषी आवाज मी आपल्या भाषेत दुसरा ऐकलेला नाही. आणि तो आवाज म्हणतो काय, तर ‘मी पण येते’! ‘येतो’ नव्हे, ‘येते’. हे एक अक्षर मला झोपू देईना. पुरुषाने बाईच्या तोंडचं बोलणं इतक्या सहज आपल्या गळ्यात घ्यावं, तेही त्या काळात, यावर मी एक दीर्घ लेख लिहिला आहे. ‘एका पायात बूट, एक पाय उघडा’ या ओळीवरच त्यात दीड पान आहे. अर्धा पाय संसारात आणि अर्धा बाहेर, असा मी तिचा अर्थ लावला आहे. चुकत असेन तर सांगावं.

एक छोटी कंपनी ही तबकडी नव्याने काढायला तयार आहे. माझ्याकडच्या प्रतीवरून त्यांनी ध्वनिमुद्रण उतरवून घेतलं आहे, लेखही आत छापणार आहेत. फक्त आपली परवानगी हवी. ‘स’ म्हणताना आपल्या आवाजामागे एक बारीक शीळ ऐकू येते, ती तबकडी झिजल्यामुळे असणार. मी ती कितीदा धुतली, शीळ काही जात नाही. कंपनीवाले ती काढून टाकतील.

एक शंका राहिली. कव्हरच्या मागे लिहिलं आहे, ‘गिटार : दाढी. ड्रम : मास्तर (या गाण्याला सुट्टी). डावा बूट : बाईसाहेब.’ गाणाऱ्याचं नाव मात्र नाही. या बाईसाहेब कोण? कुणा घरमालकिणीची थट्टा आहे का?

खासगी लिहू नये, पण लिहितो. माझे वडील गेले त्या दिवशी माणसं पांगल्यावर मी हेच गाणं लावलं होतं. मला मोठा भाऊ नाही. असता तर अशाच आवाजात चार शब्द बोलला असता, असं वाटलं. एक बहीण होती, पण ते असो.

उत्तराची वाट पाहतो. पाकिटावर माझं पूर्ण नाव आणि पत्ता आहे.

आपला,
एक संग्राहक


३ जुलै

ताई,

मागचं पत्र फाडून टाक. जाळ. महोदय म्हणे! पाकिटावर माझं नाव होतं, आडनाव होतं, बाबांचं नावही मध्ये होतं. म्हणजे तुला उघडण्याआधीच कळलं होतं आणि तरी तू ते वाचलंस. माझ्या कानशिलांना अजून आग लागलेली आहे.

झालं ते सांगतो, सरळ सांगता येईल असं वाटत नाही. परवा सकाळी बायकोने प्लेअरवरची धूळ पुसली. पुसताना फडक्याने वेगाचा खटका सरकला. मोठ्या तबकड्या सहसा तेहतीसच्या वेगावर फिरतात आणि लहान पंचेचाळीसच्या, ही मोठी म्हणून मी तिला जन्मात कधी पंचेचाळीसवर लावली नव्हती. लेबलवर तुम्ही काही लिहिलंही नव्हतं, शहाण्यांनो. मी सुई ठेवली आणि एका बाईने गायला सुरुवात केली.

मी ओरडलो, “कुणी हात लावला याला?” बायको फडकं घेऊन दारात आली आणि म्हणाली, “अहो, ही कोण? तुमच्या त्या रडक्यापेक्षा बरी गाते की!” रडका म्हणजे तू. इतकी वर्षं आमच्या घरात तुला रडका म्हणतात.

मला अजून काही कळलेलं नव्हतं. खटका मागे सरकवायला मी हात पुढे केला, तेवढ्यात दुसरं कडवं आलं, ‘सोड ना गं, सोड ना बोट’. आणि त्या ‘सोड’मधल्या ‘स’ला शीळ वाजली. हलकी, स्वच्छ, दातातून निसटलेली. ताई, ती झीज नव्हती. तो तुझा तुटका दात होता. तू वाकून माझ्या बुटाची नाडी बांधत होतीस आणि मी टुणकन उभा राहिलो, तुझा दात माझ्या टाळूवर आपटला. रक्त माझं आलं आणि टवका तुझ्या दाताचा उडाला. ती खूण मला अजून बोटाला लागते. आणि मी ती शीळ घालवायला तबकडी साबणाच्या पाण्याने धूत होतो.

बायको म्हणते, माझा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने विचारलं, “काय झालं? छातीत दुखतंय का?” मी म्हटलं, “ही ताई आहे.” ती म्हणाली, “कुठली ताई?” तिचंही बरोबर आहे. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तुझा विषय मी तिच्याजवळ दोनदासुद्धा काढला नसेल.

तबकडी फिरतच होती. मग ते आलं. ‘मी पण येते, मी पण येते.’ ज्या एका अक्षरावर मी पानंच्या पानं खरडली ते अक्षर माझं आहे गं! घरात दिवसभर तू आणि आई. तुम्ही दोघी ‘जाते, येते, खाते’ म्हणायच्या, म्हणून मीही तेच म्हणायचो. शेजारीपाजारी हसायचे, बाबा चिडायचे, “मुलगा आहेस ना, येतो म्हण!” तू मात्र मला बाईसाहेब म्हणायचीस. बाईसाहेब जेवते का, बाईसाहेब रुसली का. कव्हरवर ते नाव मी कितीदा वाचलं असेल, ते माझं आहे हे डोक्यातही आलं नाही. त्या नावाने हाक मारणारं तुझ्यानंतर कुणी उरलंच नव्हतं.

आणि तो ठोका. सावकाश वाजताना तो ढोलासारखा जड वाटायचा, त्यावरही मी दोन परिच्छेद लिहिलेत. नीट वेगावर तो टक-टक, टक-टक असा वाजतो. लहान मुलाच्या बुटाच्या टाचेसारखा.

तू निघालीस तो दिवस मला पुरता आठवत नाही, पण एवढं आठवतं. दारात तुझी बॅग होती. मी तुझं बोट धरून म्हणत होतो, मी पण येते. तू म्हणालीस, “जा, बूट घालून ये. मी काही पळत नाही.” मी आत पळालो. उजवा सापडला, डावा सापडेना. पलंगाखाली शिरलो, मोरीत बघितलं. एक बूट घालून बाहेर आलो तर दार उघडं आणि जिना रिकामा. दुसरा बूट हरवला म्हणून बाबांनी मला बदडलं ते वेगळंच. मी आजवर समजत होतो की मला बूट वेळेवर सापडला असता तर तू नेलं असतंस.

तो तुझ्याकडे होता. तू मला शोधायला पाठवलंस तेव्हा तो तुझ्या बॅगेत होता.

दुपारी आईपाशी जाऊन बसलो आणि विचारलं, “आई, माझा डावा बूट कुठे गेला होता गं?” कुठला, कधीचा, असं काही न विचारता आई म्हणाली, “मला काय विचारतोस? तिला विचार.” या घरात ‘तिला’ हा शब्द इतक्या वर्षांत पहिल्यांदा निघाला. मी हादरलोच. मग आई म्हणाली, “उजवा मी बरेच दिवस टाकला नाही. म्हटलं, डावा येईल परत. मग तुझा पाय वाढला.”

मी रागावलो आहे. फार रागावलो आहे. आणि परवापासून पंचेचाळीसच्या वेगावर तेच गाणं लावतो आहे. एवढ्याशा पोराला बूट आणायला पाठवून जिना उतरताना तुला काय वाटलं, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. गाण्यातून नको.

मला परवानगी नको, ताई. मला पत्ता हवा.

(खाली काय सही करावी कळत नाही.)


२० जुलै

ताई,

तुझ्याकडून काही नाही, म्हणून पुन्हा लिहितो. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. गप्प बसू नकोस, गप्प बसणं आपल्या घरात पुष्कळ झालं आहे.

आधी कंपनीचं. कंपनीवाल्याला सांगितलं की गाणं चुकीच्या वेगाने उतरवलंय आणि गाणारा पुरुष नाही. तो फोनवर किंचाळलाच. “अहो, जाहिरात गेली! ‘विसरलेल्या पुरुषाचा आवाज’ असं छापलंय आम्ही!” मग जरा शांत झाला आणि म्हणाला, “असं करू, हळूच ठेवू. लोकांना हळू आवडलंय.” मी म्हटलं, “हळू गाणारा तो पुरुष जगात कधी नव्हताच, तुम्ही परवानगी कुणाची घेणार?” काम थांबवून घेतलं आहे. माझा लेख मी केराच्या टोपलीत टाकला, तेवढं एक चांगलं झालं.

काल मी मास्तरांकडे गेलो. शिकवणी संपवून ते गाडीत बसले होते, मला शेजारी बसवलं. म्हणाले, “आता तुला अहो-जाहो करणार नाही. तुझा बूट मी वाजवून पाहिलाय.” मग सगळं सांगितलं. दाढीवाल्याचं गॅरेज, मधे एकच माइक. तू म्हणालीस या गाण्याला ड्रम नको, आणि पिशवीतून हा एवढासा बूट काढून टेबलावर ठेवलास. मास्तर म्हणाले, “मी ड्रम वाजवणारा माणूस, आणि मला बसवून ठेवलं! एकदा मी ठोकून बघितला तर हातातून हिसकावून घेतलान. स्वतः गात गात ठोकत होती.” गाणं मधेच तुटतं ते का, हेही विचारलं. मी त्याला ‘धाडसी शेवट’ असं नाव दिलं होतं. मास्तर म्हणाले, “कसला शेवट? तिला पुढे गाता येईना. बूट उचलला आणि बाहेर गेली. टेप चालूच होती. दुसऱ्यांदा गायला तयार होईना, मग आम्ही तेवढंच काढलं.”

हे ऐकून मी उठणार होतो. पण मास्तर काचेतून समोर बघत म्हणाले, “बूट परत द्यायला आली होती ती. माहितीये ना?”

मला माहीत नव्हतं. ताई, मला हे काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

मास्तर म्हणाले, “मीच गाडी घेऊन आलो होतो. खाली थांबलो. ती वर गेली आणि लगेच खाली आली. मी विचारलं, घरी कुणी नाही का? म्हणाली, आहेत, आतून आवाज येतायत. मग? तर म्हणाली, दाराबाहेर त्याचे नवे बूट आहेत. केवढे मोठे झालेत. आता हा कुठे होणार त्याला? विसरला असेल, आता उगाच कशाला रडवायचं.” एवढं सांगताना मास्तरांनी त्यांच्या बाजूचा शिकवणीचा ब्रेक दोनदा दाबला. गाडी उभीच होती.

मी घरी कसा आलो मला सांगता येणार नाही. कपाटावर गुडघा आपटला तेव्हा शुद्धीवर आलो.

अगं, तू बेल का नाही वाजवलीस? ते बूट मोठे होते कारण बाबा मुद्दाम एक माप मोठे घ्यायचे! पुढे कापूस कोंबून घालायचो मी. माझा पाय काही तेवढा वाढला नव्हता. तू बुटाकडे बघितलंस, पायाकडे बघायला हवं होतंस. आत मी होतो, त्या दाराच्या आत, बहुतेक जमिनीवर बसून काहीतरी खेळत असेन. कितीतरी दिवस मी जिन्यावर वाजलेल्या प्रत्येक पावलाला उठून उभा राहायचो. आणि त्यातली तुझी पावलं नेमकी मला ऐकू आली नाहीत.

आईला हे सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवायलाही उठली नाही.

मी तुला माफ केलं आहे असं लिहायला बसलो होतो, ते लिहिणार नाही. मला समोर बसून तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण झालं की मग बघू. मास्तरांची ड्रायव्हिंगची शाळा, माझं घर आणि तुझं घर यांच्यामध्ये ही पत्रं किती दिवस फिरवायची? पत्ता दे. आई म्हातारी झाली आहे गं.

तुझा भाऊ


९ ऑगस्ट

ताई,

पार्सल मिळालं.

सकाळी बेल वाजली, बायकोने घेतलं, म्हणाली, “अहो, तुमची तबकडी आली. पण ही चौकोनी नाही, कसली तरी गाठोड्यासारखी आहे.” मी उघडलं आणि तिथेच, कपाटाला टेकून, खाली बसलो. बूट माझ्या तळहातावर मावतो. एवढा लहान होतो मी? टाच एका बाजूने झिजली आहे. नाडीला तुझी ती दुहेरी गाठ तशीच आहे, मी ती सोडवलेली नाही.

बुटाचा आकार राहावा म्हणून दुकानात आत कागद कोंबतात तसा तू कोंबला होतास. मला वाटलं रद्दी असेल. उलगडून पाहतो तर माझंच पहिलं पत्र. जाळ म्हटलं होतं मी, पण माझं ऐकायची तुला सवय कधी होती? सबंध पत्र चाळलं, तू कुठे काही लिहिलं आहेस का ते शोधत. शीळ, लेख, घरमालकीण, कशावर एक अक्षर नाही. शेवटी पुन्हा वर आलो तर मायन्यात दिसलं. ‘महोदय’च्या ‘य’ला तू लाल शाईने एक काना दिला आहेस. बस्स, एवढंच. मी इतका हसलो की बायको धावत आली, आणि मग तिला कळलं की मी हसत नाही.

पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे. घर क्रमांक, गल्ली, मजला, सगळं सुवाच्य. पत्त्याखाली दोन रेघा मारल्या आहेस. मजला चौथा लिहिलास, लिफ्ट आहे की नाही ते लिहिलं नाहीस. आईला पुढेमागे आणायचं झालं तर, म्हणून विचारून ठेवतो.

तबकडी बरोबर आणतो आहे. कंपनीचं काय ते तिथे ठरवू. गाणं काढायचं तर नीट वेगावर निघेल आणि कव्हरवर गाणाऱ्याचं नाव असेल, नाहीतर निघणार नाही. तुझ्याकडे प्लेअर नसेल तर मास्तर त्यांचा देणार आहेत. ते गाडीही देतो म्हणाले, स्वतः चालवणार आहेत, कारण माझ्या हातात द्यायची त्यांची तयारी नाही.

भांडणाचं मी विसरलेलो नाही. तयारीत राहा.

मी फक्त माझीच बॅग भरली होती. आईला तो बूट दाखवला, तिने हातात घेतला, उलटा करून टाच पाहिली आणि परत दिला. मला वाटलं तिला सोसायचं नाही, इतका प्रवास, गुडघे धड नाहीत. म्हटलं, आधी मी जाऊन येईन, मग बघू. आत्ता हे पत्र संपवत होतो तेवढ्यात दाराशी काहीतरी वाजलं. पाहतो तर आई बाहेरची साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन दारातल्या खुर्चीत बसली आहे. मी म्हटलं, “आई, कुठे?”

ती म्हणाली, “मी पण येते.”

मी तिला चपला आणायला आत पाठवलं नाही. मीच आत गेलो, दोन्ही घेऊन आलो आणि तिच्या पायांत घातल्या. मास्तरांची गाडी खाली आली आहे, हॉर्न वाजतो आहे. हे पत्र टाकण्यात अर्थ नाही, आम्ही याच्या आधी पोचू. हातातच देईन.

तुझी,
बाईसाहेब